मुली कमी का झाल्या?



तुम्ही आता वाचायला शिकलात. आकडेही तुम्हाला येतात. आज आपण काही आकडेच वाचू. ते आकडे परक्या मुलखाचे नाहीत, आपल्या जिल्ह्याचे आहेत.

आपले साखरखेर्डा सिंदखेडराजा तालुक्यात आहे. सिंदखेडराजा म्हणजे जिजाऊंचे माहेर. १२ जानेवारी १५९८ ही त्यांची जन्मतारीख मानतात. दरवर्षी त्या दिवशी तेथे मोठी गर्दी जमते. आपल्या गावची माणसेही जातात. जिजाऊ जन्मल्या तेव्हा लखुजी जाधवांनी हत्तीवरून साखर वाटली, असे लोक सांगतात. ज्या मुलखात लेकीच्या जन्माची साखर वाटली, त्याच मुलखात लेकी कमी झाल्या. हे कसे झाले?

आकडा काय सांगतो?

जनगणना म्हणजे माणसांची मोजणी. २००१ सालच्या मोजणीत बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलग्यांमागे ९०८ मुली होत्या. २०११ साली पुन्हा मोजणी झाली. तेव्हा ८५५ मुली भरल्या. सबंध महाराष्ट्रात त्या साली ८९४ होत्या. बीड जिल्ह्यात तर ८०७ होत्या.

निसर्गाचा हिशेब निराळा आहे. मुलगे थोडे अधिक जन्मतात, हे खरे. १००० मुलगे जन्मले तर सुमारे ९५० मुली जन्मतात. आता वजाबाकी करा. ९५० मधून ८५५ गेले, राहिले ९५. दर हजारी या ९५ मुली कोठे गेल्या? त्या कोठे गेल्या नाहीत. पुष्कळ मुलींना जन्मालाच येऊ दिले नाही.

पोटातले मूल पाहण्याचे एक यंत्र आहे. त्याला सोनोग्राफी म्हणतात. यंत्र चांगले आहे. मूल आडवे आहे का, त्याची वाढ नीट आहे का, बाईच्या जिवाला धोका आहे का, हे त्यावर कळते. त्यामुळे कितीतरी बाया वाचल्या. पण विळीने भाजी चिरता येते, तसा हातही कापतो. लोकांनी त्याच यंत्रावर मुलगा की मुलगी हे चोरून पाहिले, आणि मुलगी दिसली की गर्भ पाडला.

पाटी वाचली

आमच्या रात्रीच्या वर्गातली एक गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. वर्गात एक सून येत असे. तिला दोन मुली. तिसऱ्यांदा दिवस गेले. सासूबाई म्हणाल्या, "दोन झाल्या. आता तिसरी नको माय. एकदा तपासून घेऊ." दिराने बाहेरगावी एक दलाल गाठला. पैसे ठरले. सून काही बोलली नाही. घरात तिचे बोलणे चालत नव्हते.

नवरा-बायको दवाखान्यात जाऊन बाकावर बसली. समोर भिंतीला एक पाटी होती. वर्गात येण्याआधी त्या पाटीवर तिला नुसत्या रेघा दिसल्या असत्या. आता ती एकेक अक्षर लावू लागली. वर्गात वाचतो तसे तिने मोठ्याने वाचले, "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. असे करणे कायद्याने गुन्हा आहे." बाकावरच्या साऱ्या बाया तिच्याकडे पाहू लागल्या. दलाल बाहेरच्या बाहेर निघून गेला. नवऱ्याने मान खाली घातली. दोघे तशीच घरी आली.

त्याच रात्री नवरा माझ्या ओसरीवर आला.

"गुरुजी, पोलीस धरतील का हो?"

"काही केले आहे का तुम्ही?"

"नाही जी. पण करणार होतो. तीन एकर कोरडवाहू जमीन, दोन पोरी. अन् हिला पोरगंच होत नाही."

"हिला होत नाही? बसा जरा."

ज्वारी आणि तूर

मी घरातून मूठभर ज्वारी आणि मूठभर तूर आणली. म्हणालो, "हे पाहा. मूल होते ते आईकडून एक दाणा आणि बापाकडून एक दाणा मिळून, असे समजा. बाईजवळ ज्वारीचेच दाणे असतात. ती नेहमी ज्वारीच देणार. पुरुषाजवळ ज्वारीही असते आणि तूरही असते. बापाकडून ज्वारी आली तर मुलगी. तूर आली तर मुलगा. आता सांगा, तूर कोणाजवळ होती?"

तो बराच वेळ दाण्यांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "माझ्याजवळ."

"मग पोरगं कोणाला होत नाही?"

"म्हणजे दोष माझा, गुरुजी?"

"दोष तुमचाही नाही. कोणता दाणा जाईल, हे तुमच्या हाती नाही. आणि मुलगी होणे हा दोषच नव्हे."

शास्त्रज्ञ या दाण्यांना गुणसूत्रे म्हणतात. बाईच्या गुणसूत्रांना एक्स आणि एक्स, पुरुषाच्या गुणसूत्रांना एक्स आणि वाय अशी नावे आहेत. नावे विसरलात तरी चालेल. ज्वारी आणि तूर विसरू नका.

सारा दोष बाईच्या माथी मारायचा, ही रीत जुनी आहे. तिच्यावर आपल्याच जिल्ह्यातल्या एका बाईने घाव घातला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक लिहिले. गुजरातेत सुरतेला एका विधवेने लोकलाजेपायी आपले मूल मारले होते, आणि सारे लोक तिलाच शिव्या देत होते. ताराबाईंनी विचारले, सारे दुर्गुण बायकांतच का दिसतात? पुरुषांत ते नाहीत काय? त्या काळी बाईने असे लिहिणे म्हणजे मोठे धाडस होते.

कायदा आणि जिवाचा धोका

गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. पुढे १९९४ साली साऱ्या देशासाठी कायदा झाला. २००३ साली तो आणखी कडक झाला. मुलगा की मुलगी हे सांगणाऱ्या डॉक्टरला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तपासणी करायला लावणाऱ्या नवऱ्याला व नातेवाइकांनाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जिच्यावर जबरदस्ती झाली, त्या बाईला मात्र शिक्षा नाही.

एक गोष्ट नीट समजून घ्या. बाईच्या जिवाला धोका असला किंवा दुसरे योग्य कारण असले, तर नोंदणी झालेल्या दवाखान्यात गर्भपात करून घेता येतो. तसा कायदा १९७१ पासून आहे. अशा बाईला कोणी गुन्हेगार म्हणू नये. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणे, हा गुन्हा आहे.

त्यात बाईचा जीवही जातो. मुलगा की मुलगी हे कळेपर्यंत तीन-चार महिने उलटतात. तेव्हा चोरून गर्भ पाडला तर रक्त फार जाते, पोटात पू होतो. २०१२ साली बीड जिल्ह्यात परळीला अशाच गर्भपातात एक बाई दगावली. २०१९ साली न्यायालयाने तेथल्या डॉक्टर पती-पत्नीला दहा वर्षांची कैद सुनावली. शिक्षा झाली, पण गेलेली बाई परत आली नाही.

नवरदेवांचा मोर्चा

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात एक मोर्चा निघाला. बाशिंगे बांधून, काही जण घोड्यावर बसून, लग्नाचे तरुण जिल्हाधिकारी कचेरीवर गेले. त्यांचे म्हणणे होते, आम्हाला मुली मिळत नाहीत, गर्भलिंग निदानाचा कायदा नीट पाळा. लोक हसले. पण ही हसण्याची गोष्ट नव्हे. शेतकऱ्याच्या पोराला मुलगी न मिळण्याची कारणे आणखीही आहेत. शेतीत भाव नाही, नोकरी नाही. तरी जी मुलगी जन्मलीच नाही, तिला मागणी कोठे घालणार?

मला उत्तर देता आले नाही

त्या रात्री उठता उठता तो गृहस्थ म्हणाला, "गुरुजी, तुमचं समदं पटलं. पण पोरीच्या लग्नाला हुंडा लागतो. तो कमी करता का तुम्ही?"

मी गप्प बसलो. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा आहे, हे मला तोंडपाठ होते. पण माझ्या थोरल्या मुलाच्या लग्नात मी हुंडा घेतला होता. मी त्याला 'मानपान' म्हणालो होतो. नाव बदलले म्हणून वस्तू बदलत नाही. सुनेच्या बापाने त्यासाठी बैलजोडी विकली, हे मला मागाहून कळले. धाकट्याच्या लग्नात मी काही घेतले नाही. पण त्याने पहिले पुसले जात नाही.

म्हणून सांगतो, यंत्रावर सरकार बंदी घालील. पण मुलगी नको असे वाटण्याचे मूळ आपल्या घरात आहे. ते आपणच उपटले पाहिजे. जो हुंडा घेतो, तो कोणाच्या तरी घरी मुलीच्या जन्माची भीती घालतो.

त्या घरी तिसरीही मुलगीच झाली. आता ती अंगणवाडीत जाते. आजी तिला पोचवायला येतात. अजूनही कधी कधी उसासा टाकतात. पण रात्री पोरगी रडली की सर्वांआधी आजीच उठतात, असे सून सांगते.

आपण काय करावे?

१. गर्भाची तपासणी बाईच्या व मुलाच्या तब्येतीसाठी करावी. मुलगा की मुलगी हे विचारू नये.

२. कोणी दलाल आढळला तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तक्रार करावी.

३. हुंडा घेऊ नये, देऊ नये. मानपानाच्या नावानेही नको.

४. वडिलोपार्जित शेतात मुलीचाही मुलाइतकाच हक्क आहे. २००५ सालच्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात तसे स्पष्ट लिहिले आहे. तो हक्क मागितला म्हणून लेकीशी वैर धरू नये.

५. मुलगी झाली म्हणून सुनेला टोचून बोलू नये. ज्वारी आणि तूर आठवावी.

अभ्यास

१. आपल्या अंगणवाडीत जा. मुलगे किती आणि मुली किती, ते मोजून वहीत लिहा. आपल्या गावचा आकडा आपणच काढा.

२. मुलगा की मुलगी हे कोणाच्या दाण्यावर ठरते?

३. सुनेने पाटी वाचली नसती तर काय झाले असते?

४. तुमच्या घरी शेवटचे लग्न झाले, तेव्हा काय घेतले आणि काय दिले? हे कोणाला सांगू नका. स्वतःच्या मनाशी उत्तर द्या.

शब्दांचे अर्थ

गर्भलिंग निदान – पोटातले मूल मुलगा की मुलगी हे तपासणे.
दलाल – पैसे घेऊन मधले काम करणारा.
वडिलोपार्जित – वाडवडिलांपासून चालत आलेले.
दगावणे – मरण पावणे.