जुलाबाआधी गोळ्यांची चिठ्ठी दाखवा

चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कारखान्यांत हल्ली सुरक्षा सप्ताहाच्या शेजारीच ‘तणावमुक्ती’ शिबिराचाही कागद लागतो. माझ्या थोरल्या भावाने असाच एक कागद घरी आणला. दादा महाळुंग्याला सुपरवायझर. पाळी दर आठवड्याला फिरती. बायपोलर आजारासाठी तो बरीच वर्षं लिथियम घेतो; आजार इतका आटोक्यात की नव्या माणसाला पत्ता लागू नये.

शिबिर मावळात, निवासी. फॉर्मवर प्रकृती, भूक, झोप, राग कधी येतो, सगळं होतं. चालू औषधांचा रकाना मात्र नव्हता. अभ्यंग, शिरोधारा, मोबाइल बंद, रात्री लवकर दिवे मालवायचे. मी भेटायला गेलो तेव्हा दादा मजेत होता, हे नाकारत नाही. मग तूप पाजून विरेचन झालं. दिवसभर जुलाब, त्यानंतर पेज आणि अळणी मुगाचं कढण.

घरी परतला तो हात थरथरतच. कप धरवेना, जीभ जड. वहिनींनी फोन केला तर शिबिरवाले म्हणाले, “विषद्रव्यं बाहेर पडतायत, घाबरू नका.” दुसऱ्या दिवशी चालताना झोक जायला लागला तेव्हा आम्ही हॉस्पिटल गाठलं. रक्तातलं लिथियम विषारी पातळीला गेलं होतं.

लिथियम हा क्षार. अंगातलं पाणी आणि मीठ घटलं की मूत्रपिंडं सोडियम धरून ठेवतात, त्याच्यासोबत लिथियमही अडकतं. उपचारासाठी रक्तात साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रति लिटर पातळी लागते, 1.5 ओलांडली की विषबाधेची धास्ती. म्हणजे गोळी तीच, मात्रा तीच, आणि तरीही विष. उलट्या-जुलाब, कडक उपास, लघवी वाढवणारी बीपीची काही औषधं, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, सगळ्यांतच हा धोका आहे.

यात आयुर्वेदाला झोडपण्यात अर्थ नाही. शोधनाआधी, म्हणजे विरेचनासारख्या शुद्धीआधी, रोग्याचं बळ पाहा, हे शास्त्रच सांगतं. मनासाठी चरकसंहितेत सत्त्वावजय ही वेगळी चिकित्सा आहे. घाऊक पॅकेजमध्ये हे तपासायला वेळ कोणाला?

शिबिराने बरं वाटतं ते खोटं नसतं. कॅलिफोर्नियातल्या एका रिसॉर्टवर काही स्त्रियांना ध्यान-योगाचा कार्यक्रम दिला, काहींना नुसती सुट्टी. 2016 साली त्याचे निष्कर्ष आले: आठवड्याअखेर दोन्ही गटांना सारखंच बरं वाटत होतं. पुढे दहा महिन्यांनी मात्र ध्यान शिकलेल्यांची उदासी कमी राहिली. तेव्हा विश्रांती हवी असेल तर तेल-मालिश, झोप, ध्यान पुरेसं आहे. पोट साफ करण्याची सक्ती कशाला?

मनाच्या गोळ्या चालू असतील तर आधी आपल्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारा आणि चिठ्ठी शिबिरातल्या वैद्यांच्या हातात द्या. वैद्यांची नोंदणी विचारायला लाजू नका. “त्या केमिकल गोळ्या बंद करा” असं कोणी म्हणालं तर बॅग उचला. अचानक सोडल्याने आजार उलटतो. रात्री-अपरात्री मन बिथरलं तर सरकारच्या टेली-मानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

दादाला खरी अडचण रात्रपाळीची होती. झोप मोडली की हा आजार डोकं वर काढतो. डॉक्टरांनी तसं पत्र दिलं, कंपनीने ते मानलं, आता तो कायम फर्स्ट शिफ्टला असतो. शिबिराचे पैसे मात्र पगारातून कापले गेले.