लहान बंदरांची सुरक्षितता : प्रारंभ किनाऱ्यावर

पालघर तालुक्यातील माकुणसारच्या आसपासचा किनारा खाड्यांनी विभागलेला आहे. महाराष्ट्रातील ४८ लहान बंदरांपैकी डहाणू, तारापूर, नवापूर, सातपाटी व केळवे-माहीम ही याच पट्ट्यातील होत. १९९६ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेले महाराष्ट्र सागरी मंडळ या बंदरांचा कारभार पाहते. मासेमारीचे परवाने मत्स्यव्यवसाय विभाग देतो. तथापि नौका किनारा सोडते त्या क्षणी तेथे बहुधा गावचीच माणसे असतात. सुरक्षिततेची पहिली जबाबदारी म्हणूनच त्यांच्याकडे येते.

दोन दुर्घटनांचा धडा

१७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक उतारू बुडाले. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते; त्यामुळे मुंबईस वार्ता कळण्यास कित्येक तास लागले. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूजवळ सुमारे ४० विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली नौका उलटली व तीन विद्यार्थिनी मृत्युमुखी पडल्या. जवळच्या मच्छीमारांनी धाव घेतल्यामुळे अनेकांचे प्राण वाचले.

लहान नौकेत माणसे उभी राहिली की भाराचा मध्य वर सरकतो. सारी एका बाजूस झुकली की नौका पुन्हा सरळ होऊ शकत नाही. यास्तव क्षमतेपेक्षा अधिक माणसे न घेणे, सर्वांनी बसून राहणे आणि निघण्यापूर्वीच जीवरक्षक जाकीट अंगावर बांधणे, हे तीन नियम कधीही मोडता कामा नयेत.

भरती, गाळ आणि बावटा

भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. खाडीच्या मुखाशी गाळ साचला असल्यास ओहोटीच्या वेळी परतणारी नौका बाहेरच अडकते. वादळी हवेत हा खोळंबा जिवावर बेततो. बंदरावरील १ व २ क्रमांकांचे बावटे दूर समुद्रातील वादळाची सूचना देतात. ३ क्रमांकाचा बावटा लागला की खुद्द बंदरास वादळी वाऱ्याचा धोका आहे असे समजावे.

ग्रामपंचायतीस काय करता येईल?

बंदरावर एक फलक व एक नोंदवही ठेवणे फारसे खर्चाचे नाही. फलकावर त्या दिवसाची भरती-ओहोटी, हवामानाचा इशारा आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा दूरध्वनी क्रमांक असावा. नोंदवहीत नौकेचे नाव, तांडेल, माणसांची संख्या, सुटण्याची व परतण्याची अपेक्षित वेळ लिहावी. ठरलेली वेळ उलटताच शोध सुरू होईल, तो या नोंदीमुळेच. शिक्षकांनी भरतीचे कोष्टक व बावट्यांचा अर्थ वर्गात शिकवावा. सहलीच्या वेळी जाकिटे मोजल्याशिवाय एकही विद्यार्थी नौकेत चढू देऊ नये.

नौका समुद्रात गेली, एवढे गावास ठाऊक असून भागत नाही. ती परतली की नाही, हेही गावाने रोज पाहिले पाहिजे.