नोंदवही, उपकेंद्र आणि पूर : कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील आरोग्यसेवा

तिरुच्चिरापळ्ळीच्या वरच्या अंगाला मुक्कोम्बू येथे कावेरीचा प्रवाह दुभंगतो. उत्तरेकडील कोळ्ळिडम् पुराचे पाणी समुद्राकडे वाहून नेते, तर दक्षिणेकडील कावेरी कल्लणै या प्राचीन बंधाऱ्यापासून पुढे वेण्णार, अरसलार अशा असंख्य शाखांत व कालव्यांत विभागत जाऊन भातखाचरांत जवळजवळ विरून जाते. मेट्टूरचे धरण 1934 मध्ये पुरे झाल्यापासून जूनच्या बारा तारखेस पाणी सोडण्याचा प्रघात पडला, आणि कुरुवै व सांबा या भाताच्या हंगामांवर या मुलखाचे वर्ष मोजले जाऊ लागले. वर्षातील कित्येक महिने येथे घराच्या उंबऱ्यापर्यंत पाणी असते. जे पाणी भात पिकवते तेच रोगही आणते. पटकी आणि विषमज्वर पिण्याच्या पाण्यातून येत. हत्तीरोग साचलेल्या गटारांतील डासांमुळे पसरे, आणि कुंभकोणम् शहराचे नाव दीर्घकाळ या व्याधीशी जोडले गेलेले होते. खाचरांत उंदीर येतात व उंदरांमागून साप येतात, म्हणून सर्पदंश हा शेतमजुराचा जणू धंद्याचाच आजार होय.

एके काळी हा सारा मुलूख तंजावर या एकाच जिल्ह्यात मोडत असे. 1991 मध्ये नागपट्टिणम्, 1997 मध्ये तिरुवारूर आणि 2020 मध्ये मयिलाडुतुरै असे जिल्हे त्यातून वेगळे झाले. तथापि रोगराई व पूर यांचा विचार करताना त्रिभुज प्रदेश हा एकच मानणे सोयीचे, कारण पाण्याला जिल्ह्याच्या सीमा ठाऊक नसतात.

मराठी वाचकास तंजावर परिचित आहे ते भोसले घराण्यामुळे. आरोग्याच्या इतिहासातही या घराण्याचे स्थान आहे. दुसरे सरफोजी महाराज 1798 ते 1832 या काळात गादीवर होते. राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती गेल्यावर छत्रांच्या उत्पन्नाचा प्रश्न निघाला, तेव्हा 1801 मध्ये त्यांनी इंग्रज रेसिडेंटास पत्र लिहून छत्रांचे कार्य काय असते हे सविस्तर कळविले. वाटसरूंना अन्न मिळते एवढेच त्यात नाही. प्रवासात आजारी पडलेल्यास बरा होईपर्यंत औषध व पथ्य दिले जाते, छत्रात सर्पदंशावर उपाय जाणणारे वैद्य असतात, प्रवासात प्रसूतीची वेळ आलेल्या स्त्रीची व अनाथ बालकांची काळजी घेतली जाते, असा त्याचा आशय होता. ओरतनाड येथील मुक्तांबाळ छत्र त्याच सुमारास उभे राहिले. राजवाड्यातील धन्वंतरी महालात देशी व युरोपीय अशा दोन्ही वैद्यकांचा अभ्यास चाले. सरस्वती महाल ग्रंथालयात नेत्ररुग्णांच्या नोंदी अद्याप जपून ठेवलेल्या आहेत, आणि त्यांतील डोळ्यांची रंगीत चित्रे पाहणारा थक्क होतो. रुग्ण कोण, त्याला काय झाले, कोणता उपचार केला व पुढे काय घडले, हे लिहून ठेवण्याची शिस्त त्या नोंदींत दिसते. हे राजाश्रयाचे वैद्यक होते व त्याची व्याप्ती अर्थातच मर्यादित होती. छत्र वाटसरूची वाट पाही. सेरीत, म्हणजे गावाबाहेरच्या दलित वस्तीत, पटकीने आजारी पडलेल्या मजुरापर्यंत जाणे हे त्याचे काम नव्हते.

ते काम पुढे सरकारी सार्वजनिक आरोग्य खात्याकडे आले. मद्रास इलाख्यात हे खाते रुग्णालयांच्या खात्यापासून 1920 च्या दशकातच वेगळे करण्यात आले आणि 1939 मध्ये मद्रास सार्वजनिक आरोग्य अधिनियम संमत झाला. या प्रकारचा तो देशातील पहिला कायदा. पाणीपुरवठा, सांडपाणी, संसर्गजन्य रोग यांच्याबरोबरच जत्रा व उत्सव यांविषयीही त्यात स्वतंत्र तरतुदी आहेत, ही गोष्ट त्रिभुज प्रदेशाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची. कुंभकोणम् येथे दर बारा वर्षांनी महामहम् उत्सवास लाखो यात्रेकरू एका तळ्यात स्नानासाठी लोटतात. पटकीच्या काळात अशा उत्सवातून रोग गावोगाव पोहोचत असे. पाण्यात क्लोरीन मिसळणे, तात्पुरते संडास उभारणे, आरोग्य निरीक्षकांच्या तुकड्या बाहेरच्या जिल्ह्यांतून आणणे या साऱ्याचा सराव खात्याला अशा उत्सवांनी दिला. सराव असूनही सर्व काही टळते असे नाही. 1992 च्या महामहमात चेंगराचेंगरी होऊन चाळीसहून अधिक माणसे दगावली.

स्वतंत्र खाते असण्याचे मर्म वाचकाने ध्यानी घ्यावयास हवे. जेथे रुग्णालय व रोगप्रतिबंध यांचा पैसा एकाच पेटीत असतो, तेथे रुग्णालय तो संपवून टाकते. खाटेवरचा रुग्ण डोळ्यांसमोर कण्हत असतो, पण न झालेल्या पटकीची रांग दवाखान्यासमोर लागत नाही. देशातील बहुतेक राज्यांत स्वातंत्र्यानंतर ही दोन्ही खाती एकत्र झाली. तमिळनाडूने ती वेगळी ठेवली आणि सार्वजनिक आरोग्याचे अधिकारी वेगळ्या श्रेणीत घडविले.

भोर समितीचा अहवाल 1946 चा. त्याला अनुसरून 1952 पासून समाजविकास योजनेखाली प्राथमिक आरोग्य केंद्रे निघाली. पुढे सपाट प्रदेशात तीस हजार वस्तीमागे एक केंद्र व पाच हजार वस्तीमागे एक उपकेंद्र असे प्रमाण ठरले. उपकेंद्राचा कारभार ग्राम आरोग्य परिचारिकेकडे असतो. कागदावर ही रचना सरळ आहे, परंतु गाव सरळ नसते. अग्रहार, कुडियानवर शेतकऱ्यांची आळी आणि खाचरांपलीकडची सेरी अशी येथील गावाची परंपरागत मांडणी असून, कॅथलीन गफ या मानवशास्त्रज्ञ विदुषीने 1950 च्या दशकारंभी तंजावरच्या गावांत राहून तिचा अभ्यास केलेला आहे. ही अंतरे नुसती पावलांनी मोजण्याजोगी नव्हती. पूर्व तंजावरातील कीळवेण्मणी येथे 25 डिसेंबर 1968 रोजी मजुरीच्या लढ्यातून 44 दलित माणसांना एका झोपडीत जाळून मारण्यात आले, व त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. अशा मुलखात उपकेंद्राची खोली कोणत्या आळीत आहे आणि परिचारिका सेरीतील घराच्या आत पाऊल टाकते की बाहेरूनच नाव पुकारते, यावर सेवा कोणाला मिळणार हे ठरते.

परिचारिकेचे मुख्य हत्यार म्हणजे तिची नोंदवही. घरातील माणसे, लग्न झालेल्या स्त्रिया, गरोदरपण, बालकांच्या लशी, जन्म व मृत्यू हे सारे तीत येते. 1970 व 1980 च्या दशकांत या वहीवर कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टांची छाया होती. ठराविक संख्येने शस्त्रक्रिया झाल्या नाहीत तर परिचारिकेस जाब विचारला जाई, आणि ती दारी आली की स्त्रियांच्या मनात पहिला विचार त्याचाच येई. 1996 मध्ये देशभर ही उद्दिष्टे रद्द झाली. तोवर तमिळनाडूतील जननप्रमाण पुष्कळच उतरले होते, व दोन मुलांनंतर शस्त्रक्रिया करून घेणे ही किनाऱ्यावरील कोळी वस्त्यांतही सामान्य गोष्ट झाली होती.

या पार्श्वभूमीवर 26 डिसेंबर 2004 ची सकाळ पाहावी लागते. रविवार होता. सुमात्राजवळच्या भूकंपाने उठलेल्या त्सुनामीच्या लाटा नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर आदळल्या. तमिळनाडूत सुमारे आठ हजार माणसे मृत्यू पावली व त्यांपैकी सहा हजारांहून अधिक एकट्या नागपट्टिणम् जिल्ह्यातील होती. अक्करैप्पेट्टै, कीच्चांकुप्पम् यांसारख्या कोळी गावांत घरटी शोक झाला. वेळांकण्णीला नाताळासाठी आलेले यात्रेकरू वाहून गेले. किनाऱ्यावर मासळीची वाट पाहणाऱ्या व घरात मुलांपाशी असलेल्या स्त्रिया पुरुषांहून अधिक संख्येने बुडाल्या. विहिरींत खारे पाणी शिरले, शेकडो कुटुंबे शाळांत आणि मंगल कार्यालयांत दाटीने राहू लागली.

अशा आपत्तीनंतर साथ येणारच, असे त्या दिवसांत जगभर बोलले जात होते. ती आली नाही. इतर जिल्ह्यांतील आरोग्य अधिकारी, निरीक्षक व परिचारिका तुकडीतुकडीने किनाऱ्यावर आणण्यात आल्या. पाण्याच्या प्रत्येक टाकीतील क्लोरीन वारंवार तपासण्यात आले, विरंजक चूर्ण व माश्यांविरुद्धची फवारणी यांची कामे वाटून देण्यात आली, निवाऱ्यांतील मुलांना गोवराची लस व अ जीवनसत्त्व देण्यात आले, आणि जुलाबाच्या प्रत्येक रुग्णाची रोजच्या रोज मोजदाद होऊ लागली. यांत नवे असे काहीच नव्हते. याच खात्याने त्याच वर्षाच्या मार्चमध्ये महामहम् पार पाडले होते. माणसे ओळखीची होती, कोणी कोणाचा हुकूम मानावयाचा हे ठरलेले होते, आणि औषधांसाठी 1994 मध्ये स्थापन झालेल्या राज्य औषध महामंडळाची कोठारे जिल्ह्याच्या ठिकाणी भरलेली होती. त्या महामंडळाने प्रत्येक केंद्रास औषधांच्या हक्काचे एक खातेपुस्तक दिलेले असते. बँकेच्या पासबुकासारखी ही साधी युक्ती कौतुकास पात्र आहे.

परंतु नोंदवहीची दुसरी बाजूही त्याच वाळूत उघडी पडली. ज्या मातांनी दोन मुलांनंतर शस्त्रक्रिया करून घेतली होती, त्यांतील अनेकींची दोन्ही मुले लाटेत गेली. मुले जगतील या भरवशावर त्यांनी ते पाऊल उचलले होते, आणि तो भरवसा याच खात्याने दिलेला होता. राज्य सरकारने अशा स्त्रियांसाठी गर्भनलिका पुन्हा जोडण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च उचलण्याचे ठरविले. काहींना पुढे मूल झाले, काहींना झाले नाही. ही शस्त्रक्रिया नेहमी यशस्वी होत नाही, आणि वय वाढलेल्या स्त्रीस तर आशा थोडीच. साथ टाळल्याचे श्रेय मोजताना हा हिशेबही शेजारी मांडावा लागतो.

पुढील चौदा वर्षांत बरेच बदलले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीन परिचारिका पाळीपाळीने नेमून ती अहोरात्र उघडी ठेवण्यात आली, तर 2008 च्या सप्टेंबरात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली. चक्रीवादळाचा इशारा मिळताच, ज्यांचे दिवस भरत आले आहेत अशा स्त्रियांना वहीवरून हुडकून आधीच रुग्णालयात हलविण्याची रीत पडली. 16 नोव्हेंबर 2018 च्या पहाटे गजा चक्रीवादळ वेदारण्यम् परिसरात किनाऱ्यावर चढले तेव्हा त्याचा तडाखा कोळी वस्त्यांपेक्षाही आतल्या भागाला मोठा बसला. पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी, ओरतनाड या भागांतील नारळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे लाखाहून अधिक खांब मोडले. वीज नाही म्हणजे उंच टाकीत पाणी चढत नाही, आणि लशींचे शीतकपाटही बंद. बर्फाचे अस्तर असलेले कपाट काही काळ थंडी धरते, त्यानंतर जनित्र व त्याचे तेल यांची शोधाशोध करावी लागते. आतल्या कित्येक खेड्यांत वीज यावयास आठवड्यांमागून आठवडे लागले.

दरम्यान रोगही पालटले. पटकीऐवजी मधुमेह आणि रक्तदाब ही त्रिभुज प्रदेशातील म्हाताऱ्या शेतमजुरांची दुखणी झाली आहेत. 2009 च्या सुमारास तंजावर जिल्ह्यातील करंबयम् येथे ‘सुगवाळ्वू’ या संस्थेने छोट्या ग्रामीण आरोग्य केंद्रांचा एक प्रयोग आरंभिला. आयुर्वेद व सिद्ध पद्धतीच्या पदवीधरांना ठरीव उपचारक्रमाचे शिक्षण देऊन, स्थानिक आरोग्य कार्यकर्तीच्या साहाय्याने घरोघरच्या प्रौढांची तपासणी करावयाची, अशी त्याची कल्पना होती. माफक शुल्कावर असे केंद्र किती काळ टिकेल हा प्रश्न त्याच्यापुढे आरंभापासूनच होता. सरकारी पातळीवर 5 ऑगस्ट 2021 रोजी, कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर, ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम्’ ही योजना निघाली. लोकांना शोधत जाणारे वैद्यक, असा या नावाचा अर्थ. महिला आरोग्य स्वयंसेविका घरी जाऊन रक्तदाब व साखर तपासते आणि महिन्याच्या गोळ्या हाती देते. कोविडच्या टाळेबंदीत केंद्रावर येऊन गोळ्या नेणे अनेकांना अशक्य झाले होते, त्या अनुभवाचा या योजनेत वाटा आहे. स्वयंसेविकेस मिळते ते मात्र मानधन. उपकेंद्राची परिचारिका गरोदर स्त्रियांच्या नोंदी आता संगणकावरही भरते, आणि पूर्वीच्या वह्याही बहुधा सुटत नाहीत. साथ आली की रुग्णांच्या संपर्कातील माणसे शोधण्याचे कामही तिच्याच वाट्यास येते.

वादळापूर्वी हलवावयाच्या माणसांची यादी पूर्वी मुख्यतः गरोदर स्त्रियांची असे. आता तीत आठवड्यातून दोनदा रक्तशुद्धीसाठी शहरात जाणारा माणूस आहे, इन्सुलिन घेणारी एकटी म्हातारी आहे, आणि तिचा मुलगा तिरुप्पूरच्या कापड गिरणीत आहे. तिच्या इन्सुलिनची कुपी ती मातीच्या मडक्यात पाणी घालून थंड ठेवते. निवाऱ्याच्या शाळेत जाताना ते मडके कोण उचलील, हे परिचारिकेने वहीच्या समासात लिहून ठेवावे लागते.