केसलापूरला जाशील तेव्हा

अगं, रजा मिळतेय म्हणालीस तेव्हाच माझ्या मनात आलं, हिला यंदा गोव्याऐवजी आदिलाबादकडे पाठवायचं. हसू नकोस. परभणीच्या स्टेशनावर नंदीग्राम एक्सप्रेसमध्ये बसायचं, नांदेड-मुदखेड मागं टाकलं की किनवटचं सागवानाचं रान सुरू होतं आणि गाडी न बदलता तू गोंडांच्या मुलखात पोचतेस. एवढं जवळ असून आपल्या घरातलं कुणीच तिकडं गेलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

जाताना एक मुक्काम नांदेडला कर. सचखंड हुजूर साहिब सकाळी लवकर गाठ, डोक्यावर ओढणी घे. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली जिथं देह ठेवला, तिथं महाराजा रणजितसिंगांनी ही वास्तू १८३२ ते १८३७ या काळात उभी केली. लंगरमध्ये पंगतीला बैस आणि वेळ असेल तर भांडी घासायलाही लाग. सोबतीला कुणी घेतलीस आणि दोघी बायकाच असलात, तरी तिथं राहायला भीती नाही. संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर थोडं फिरा. नांदेड एवढंच पुरे, कारण खरा वेळ पुढं लागणार आहे.

जायचं ते पौष अमावास्या साधून. त्या रात्री केसलापूरला नागोबाची जत्रा सुरू होते. आदिलाबादहून उटनूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर गुडीहत्नूर, मग इंद्रवेल्ली, आणि तिथून जवळच केसलापूर. देव गोंडांच्या मेसराम कुळाचा. या कुळातली माणसं जत्रेआधी अनवाणी चालत जन्नारमजवळच्या हस्तिनमडुगूहून गोदावरीचं पाणी आणतात. मातीची भांडी सिरिकोंड्याच्या कुंभाराकडूनच घ्यायची, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे. त्या पाण्यानं अमावास्येच्या रात्री पूजा होते. त्यानंतर कुळात नव्यानं आलेल्या सुना पांढरी लुगडी नेसून, डोक्यावरून पदर घेऊन देवापुढं आणि वडीलधाऱ्यांपुढं येतात. याला भेटिंग म्हणतात. ते होईपर्यंत सुनेला कुळाच्या देवकार्यात पुरतं स्थान नसतं. तू स्वतः नवी सून होऊन एका घरात गेलेली आहेस, तुला त्या मुलींच्या चेहऱ्यावरचं दडपण लगेच कळेल.

आता नीट ऐक, कारण हे सगळं मी याच्यासाठीच सांगतेय. तिथं मोबाइल पर्समध्ये राहू दे. त्या सुना कुणाच्या तरी लेकी आहेत आणि ती त्यांची पूजा आहे. आपल्या घरात हळदीला बसलेल्या मुलीसमोर अनोळखी बाई कॅमेरा घेऊन उभी राहिली तर आई तिला काय म्हणाली असती? फोटो हवाच असेल तर आधी विचार, आणि नाही म्हटलं तर रुसू नकोस. ऑस्ट्रेलियात डार्विन शहराच्या पूर्वेला अर्नहेम लँड नावाचा मोठा आदिवासी मुलूख आहे. तिथं बाहेरच्या माणसाला पाऊल टाकायचं तर आदिवासींच्या संस्थेकडून रीतसर परवाना काढावा लागतो. आपल्याकडं केसलापूरला कुणी परवाना मागत नाही, म्हणून तर आपणच जास्त जपायचं. ‘जय सेवा’ म्हणून हात जोड, वडीलधाऱ्या बायकांजवळ जाऊन बैस, स्वतःची ओळख सांग, लेकरांची नावं सांग. भाषेची काळजी नको. १९५६ पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होतं आणि आपली परभणीही त्याच हैदराबाद राज्यात होती. त्या भागात अनेकांना गोंडीबरोबर मराठीही येते. आणि हो, अर्ध्या उघड्या अंगाचे, मोरपिसांचे आदिवासी शोधत बसू नकोस. मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी दिवाळीतल्या दंडारी या नृत्योत्सवात नाचतात, त्यांना देवासारखा मान असतो. एरवी कुणी त्यांना आपल्यासाठी नाचवावं, ही अपेक्षाच वाईट.

इंद्रवेल्लीला थांबल्याशिवाय पुढं जाऊ नकोस. जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर २० एप्रिल १९८१ रोजी पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात मारले गेलेल्यांचं स्मारक तिथं आहे. त्याच्याही आधी १९४० मध्ये गोंडांचे नेते कुमरम भीम निजामाच्या पोलिसांशी लढताना जोडेघाटला पडले. त्यानंतर निजाम सरकारनं हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांचं दुखणं समजून घ्यायला पाठवलं. जत्रेत अधिकारी लोकांची गाऱ्हाणी ऐकतात तो दरबार त्याच्याच काळापासूनचा. हे माहीत असलं की जत्रेतल्या त्या मांडवाकडं तू वेगळ्या नजरेनं बघशील.

तू शाळेवर आहेस म्हणून जैनूरजवळचं मारलवाई गाव मुद्दाम सांगतेय. गोंड मुलांना गोंडीतूनच शिकवायचं म्हणून तिथं चाळीसच्या दशकात गोंड शिक्षक तयार करायला सुरुवात झाली आणि गोंडी वाचनाची पुस्तकं देवनागरीत निघाली. हायमेनडॉर्फची बायको बेट्टी हिची समाधी त्याच गावात आहे. नारनूरकडच्या गुंजाळा गावात तर गोंडीच्या स्वतःच्या लिपीतली हस्तलिखितं सापडली. ती लिपी २०१८ पासून युनिकोडमध्येही आहे. तुझ्या वर्गातल्या बंजारा आणि आंध मुलांना घरची बोली सोडून पाठ म्हणताना तू रोज बघतेस ना? मग मारलवाईत एक तास तरी घालव.

खरेदीची हौस मी ओळखते. जवळच उशेगाव आहे, तिथले कारागीर मेणाचा साचा करून पितळेच्या मूर्ती ओततात. घ्यायची तर करणाऱ्याच्या हातून घे, आणि सांगितलेल्या भावात घे. साडीच्या दुकानातली तुझी घासाघीस तिथं नको. उटनूरकडच्या बायका मोहाच्या फुलांचे लाडू करतात, ते आईसाठी आण. तिला आवडतील.

थंडीला मात्र हलक्यात घेऊ नकोस. आपल्याकडं जानेवारीत शाल पुरते, तिकडं रानात रात्री हाडं गारठतात. स्वेटर, कानटोपी, पायमोजे घे. मुक्काम आदिलाबादच्या लॉजवर ठेव आणि केसलापूरला जायची-यायची गाडी आधीच ठरवून टाक, ओळखीच्या ड्रायव्हरची असली तर उत्तम. पूजेची रात्र बघायची असेल तर पहाटेपर्यंत तिथल्याच बायकांच्या घोळक्यात बसा, अंधारात भटकू नका.

सासूबाईंशी मी बोलते, त्यांना नांदेडच्या दर्शनाचं सांगितलं की त्या अडवणार नाहीत. पण केसलापूरचं लपवू नकोस, तेही सांग. कदाचित त्याच म्हणतील, मलाही ने. आज दिनदर्शिका काढून पौष अमावास्या कुठल्या वारी येते ते बघ, आणि तिकीट नांदेडपर्यंतचं नको, नांदेडहून पुढचं आदिलाबादचंही लगेच काढून ठेव.