लाइन नाही, तरी डबा 'ओके' म्हणतो!

प्रश्न : भंगारवाल्याकडे एक जुना आयएसडीएन टर्मिनल अडॅप्टर मिळाला. जुन्या कॉम्प्युटरच्या सिरिअल पोर्टला जोडून इंग्रजी 'ए' आणि 'टी' टाइप केले, एंटर दाबले, की स्क्रीनवर 'ओके' उमटते. मात्र 'ए' कॅपिटल आणि 'टी' स्मॉल लिहिला, तर डबा गप्प! टेलिफोनची लाइन तर जोडलेलीच नाही. मग 'ओके' म्हणतो कोण, आणि अक्षरांचा एवढा मानपान कशासाठी?
– एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : 'ओके' म्हणतो तो डबाच. आज्ञा समजली, एवढाच त्याचा अर्थ. एक्स्चेंजला त्याचा पत्ताही नसतो.

मानपानाचे कारण मात्र मोठे गमतीचे आहे. कॉम्प्युटर कोणत्या वेगाने बोलणार, हे डब्याला आधी ठाऊक नसते. पहिल्या 'ए'चा सुरुवातीचा ठोका किती रुंद आहे हे मोजून तो वेग ठरवतो. राहिली पॅरिटी, म्हणजे अक्षरामागे जोडलेला तपासणीचा बिट. कॅपिटल 'ए'मध्ये एकाचे बिट २, कॅपिटल 'टी'मध्ये ३. स्मॉल 'ए'मध्ये ३, स्मॉल 'टी'मध्ये ४. म्हणजे जोडी एका जातीची असली की एक संख्या सम, दुसरी विषम. दोन्हींचे तपासणीचे बिट ताडून कोणती पॅरिटी चालू आहे ते कळते. तुमच्या मिश्र जोडीत २ आणि ४, दोन्ही समच! ताडायला काही उरतच नाही. म्हणून दोन्ही कॅपिटल किंवा दोन्ही स्मॉल, असा नियम झाला.

ही भाषा मुळात आयएसडीएनची नव्हेच. अमेरिकेतल्या हेज कंपनीने १९८१ साली सेकंदाला ३०० बिट पाठवणाऱ्या स्मार्टमोडेमसाठी ती आणली. मोडेम आकड्यांचा आवाज करतो आणि आवाजाचे पुन्हा आकडे. आयएसडीएनची लाइन पहिल्यापासून डिजिटल. ६४ किलोबिटचे दोन बी चॅनल बोलण्यासाठी किंवा डेटासाठी, आणि १६ किलोबिटचा डी चॅनल एक्स्चेंजशी निरोपानिरोपीला. तिथे मोडेमला कामच नाही. पण तोवर बाजारातले प्रत्येक सॉफ्टवेअर हेजची भाषा बोलत होते, म्हणून अडॅप्टरनेही मोडेमचे सोंग घेतले. तुम्ही 'ए-टी-डी' आणि नंबर लिहिलात, की तो डी चॅनलवरून एक्स्चेंजला कॉल जोडण्याचा रीतसर निरोप धाडतो. कॉल लागला नाही, तर उलट कारणाचा क्रमांक येतो. १७ आला की समोरचा फोन गुंतलेला. अडॅप्टर त्याचे भाषांतर 'बिझी' असे करतो. लाइन तुटली की 'नो कॅरिअर' म्हणतो. खरे तर या लाइनवर मोडेमची ती शिटी, म्हणजे कॅरिअर, कधी नसतेच! सोंग घेतले की ते शेवटपर्यंत निभवावे लागते.

एकदा कॉल लागला की त्याच वायरवरून डेटा वाहू लागतो. मग आज्ञा कोणती आणि मजकूर कोणता? त्यासाठी एक सेकंद शांतता, बेरजेची ३ चिन्हे, पुन्हा एक सेकंद शांतता, ही खूण. या शांततेचे पेटंट हेजकडे होते. ते टाळायला काही स्पर्धकांनी शांतताच वगळली. मग मजकुरात ती चिन्हे आणि त्यामागे फोन ठेवण्याची आज्ञा आली, की चालू कॉल तुटे. पेटंट चुकवण्याची ही फळे.

ही भाषा ऐकायला भंगारात जायची गरज नाही. रात्रपाळीच्या लाइटमुळे तुमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी विहिरींवर सिमकार्डवाले स्टार्टर आले आहेत. आतली चिप सिमच्या मॉड्यूलला सहसा याच आज्ञा देते. 'ए-टी', अधिकचे चिन्ह आणि 'सी-एस-क्यू' विचारले, की मॉड्यूल सिग्नल ० ते ३१ मध्ये सांगते. ९९ आले तर सिग्नल मोजताच आला नाही असे समजा. मिस्ड कॉलवर मोटार चालू होत नसेल, तर मेकॅनिकला आधी हा आकडा बघायला सांगा.

तुमच्या डब्याला आता 'ए-टी-आय' विचारून पाहा. बहुधा आपले मॉडेल सांगेल. 'ए-टी-व्ही' आणि शून्य दिलेत, तर शब्दांऐवजी आकड्यांत उत्तरे देईल. 'ओके'च्या जागी नुसता ०. आयएसडीएनच्या खास आज्ञा मात्र कंपनीगणिक वेगळ्या. त्या मॅन्युअलशिवाय कळायच्या नाहीत.