लिपस्टिक घेताना लेबल वाचा

भगिनींनो, तुळशीबागेत लिपस्टिक घेताना आपण आधी शेड बघतो. आम्हीही तेच करायचो. लिपस्टिक म्हणजे मेण, एरंडेल तेल आणि रंग. घोटून, वितळवून साच्यात ओतलेले. खरा धोका रंगात. त्यात शिसे असू शकते. कायद्याने एक किलो रंगात 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसे चालत नाही, आणि ते कारखान्यानेच तपासायचे असते. ओठांवरची लिपस्टिक जेवताना थोडी थोडी पोटात जातेच. गरोदर बाईच्या रक्तातले शिसे बाळापर्यंत पोचते. म्हणून लेबलवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत नसेल तर स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. अशा मालाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. खवट वास आला तर फेकून द्या. आणि हो, लग्नघरात एकच लिपस्टिक सगळ्याजणींत फिरवू नका. एकीच्या ओठावरचे फोड दुसरीला होतात.