आधी कान, मग यंत्र : संगीतकार इसाओ तोमिता



संगीताच्या तासाविषयी आमच्याकडे दोन प्रकारचे पालक येतात. काही म्हणतात, "तानसेनच्या गावात मुलांच्या हाती कीबोर्ड कशाला? पेटी-तंबोरा पुरे." दुसरे म्हणतात, "आता मोबाईलसुद्धा गाणे तयार करून देतो, मग रोज सा-रे-ग-म घोटायचे कशाला?" दोघांनाही मुलांचे हितच हवे असते. या दोन्ही प्रश्नांवर विचार करण्यास जपानचे संगीतकार इसाओ तोमिता यांचे चरित्र फार उपयोगी आहे. म्हणून या अंकातील पाठ त्यांच्यावर.

बालपण व पूर्वतयारी

तोमिता यांचा जन्म २२ एप्रिल १९३२ रोजी टोकियोत झाला. वडील डॉक्टर होते. बालपणाची काही वर्षे चीनमध्ये गेली. बीजिंगच्या स्वर्गमंदिराच्या आवारात एक गोल भिंत आहे. तिच्या एका बाजूला हळू बोलले तरी आवाज भिंतीच्या कडेने फिरत दूरच्या माणसापर्यंत पोहोचतो. आपल्याकडे विजापूरच्या गोलघुमटात असाच अनुभव येतो. आवाज समोरूनच आला पाहिजे असे नाही, तो चहूकडून येऊ शकतो, ही गोष्ट त्या मुलाच्या मनात कायमची बसली.

पुढे केइओ विद्यापीठात त्यांनी कलेचा इतिहास हा विषय घेतला. संगीतरचना मात्र ते वेगळी शिकवणी लावून शिकले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकसाठी जपानच्या जिम्नॅस्टिक्स संघाला त्यांनी संगीत दिले. १९६३ मध्ये जपानी दूरदर्शनवरील ऐतिहासिक मालिकेला आणि १९६५ मध्ये एका पांढऱ्या सिंहाच्या छाव्याच्या गाजलेल्या कार्टून मालिकेलाही त्यांचेच संगीत होते. कोणत्या वाद्यातून कोणता रंग निघतो, बासरीसोबत काय शोभते, हे सारे ते सुमारे पंधरा वर्षे प्रत्यक्ष वाद्यवृंदासाठी लिहिता लिहिता शिकले. यंत्र त्यांच्या आयुष्यात त्यानंतर आले.

पेटाऱ्यातले वाद्य

अमेरिकेत रॉबर्ट मोग यांनी १९६४ च्या सुमारास सिंथेसायझर तयार केला. १९६८ मध्ये वेंडी कार्लोस यांनी त्यावर बाख या जर्मन संगीतकाराच्या रचना वाजवून तबकडी काढली. ती ऐकून तोमितांनी १९७१ मध्ये हे यंत्र जपानला मागवले. कपाटाएवढा तो डबा, त्यावर बटणे आणि लोंबणाऱ्या वायरी! हे वाद्य आहे यावर जकात अधिकाऱ्यांचा विश्वासच बसेना.

विद्यार्थ्यांनी या यंत्राची रीत समजून घ्यावी. सतारीत तार कंप पावते, बासरीत हवा कंप पावते. येथे विजेचा प्रवाह कंप पावतो. हा झाला कच्चा आवाज. मग गाळणीने जसा चहा गाळावा तसे त्यातील नको ते कंप गाळून टाकायचे. त्यानंतर आवाज कसा उठेल व कसा विरेल ते ठरवायचे. तंबोऱ्याची तार छेडताच उठते व हळूहळू विरते. बासरीचा सूर मात्र फुंक असेपर्यंत टिकतो. हा फरकही वायरी जोडून आणि बटणे फिरवून साधावा लागे.

अडचणी पुष्कळ होत्या. त्या यंत्रातून एका वेळी एकच सूर निघे. चार सूर एकत्र हवे असतील तर चार वेळा वाजवून टेपवर एकावर एक नोंदवावे लागत. यंत्राला स्मरणशक्ती नव्हती. वायरी काढल्या की तो आवाज गेला. आजच्या कीबोर्डवर 'व्हायोलिन' असे बटण असते. तेथे तसे काहीच नव्हते. हवा तो आवाज आधी मनात ऐकू यावा लागे, मग तो शोधायचा.

अशा रीतीने वर्षाहून अधिक काळ खपून त्यांनी फ्रेंच संगीतकार देब्युसी यांच्या पियानो रचनांना नवे रूप दिले. जपानी कंपन्यांनी ती तबकडी स्वीकारली नाही. तोमिता ती घेऊन न्यूयॉर्कला गेले. १९७४ मध्ये आरसीए कंपनीने ती काढली. अमेरिकेत अभिजात संगीताच्या खपात ती दुसऱ्या क्रमांकावर पोहोचली आणि ग्रॅमी पुरस्कारासाठी चार विभागांत तिला नामांकन मिळाले.

विरोधही झाला

१९७६ मध्ये त्यांनी इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्ट यांची ग्रहमालेवरील रचना घेतली. हे होल्स्ट संस्कृत शिकले होते. ऋग्वेदातील सूक्तांना त्यांनी संगीत दिले आणि सावित्रीच्या कथेवर संगीतिकाही लिहिली. त्यांची कन्या इमोजेन यांना मात्र वडिलांच्या कृतीचा हा यांत्रिक अवतार मुळीच रुचला नाही. जुन्या कृतीला किती हात लावावा, हा वाद आपल्याकडेही आहे. तो एका वाक्यात मिटणारा नाही. मुलांनी दोन्ही बाजू ऐकाव्यात.

यंत्राने माणसामागे चालावे

१९८४ मध्ये ऑस्ट्रियातील लिंत्स शहरी डॅन्यूब नदीवर तोमितांचा कार्यक्रम झाला. ते स्वतः काचेच्या पिरॅमिडमध्ये उंचावर बसून वाजवत होते. ध्वनिक्षेपक दोन्ही तीरांवर होते, शिवाय सूर आकाशातूनही येत होते. बालपणी मनात बसलेली गोष्ट पन्नाशी उलटल्यावर अशी प्रत्यक्षात आली.

सर्वांत बोलका प्रसंग २०१२ चा आहे. तोमिता तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. कवी केन्जी मियाझावा यांच्या साहित्यावर त्यांनी एक सिंफनी रचली. तिची गायिका होती हात्सुने मिकू, म्हणजे संगणकाने घडवलेला आवाज. एरवी अशा कार्यक्रमांत गाणे आधीच ठरलेले असते व वादकांना त्या तालावर धावावे लागते. तोमितांनी उलट आग्रह धरला. निर्देशकाच्या हाताबरोबर मिकूने गावे, हात थांबला की तिनेही थांबावे. त्यासाठी खास व्यवस्था करावी लागली, आणि ती झाली. ५ मे २०१६ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हाही पुढच्या रचनेचे काम चालूच होते.

आमचे मत

तोमितांनी यंत्राचा तिरस्कार केला नाही आणि त्याच्यावर सारे सोपवलेही नाही. म्हणून कीबोर्ड शाळेबाहेर ठेवावा असे आम्हाला वाटत नाही. तथापि लहान वर्गांत गळा, कान आणि हातावरचा ताल पक्का व्हावा. कीबोर्ड वरच्या वर्गांत यावा, आणि तेथेही तयार तालाचे बटण शेवटी दाबावे. विश्वस्त मंडळाने वाद्यखरेदीचा विचार करताना हा क्रम ध्यानात ठेवावा, अशी आमची विनंती आहे. कान तयार नसलेल्या मुलाला यंत्राने दिलेले सारेच गोड वाटेल. बरे-वाईट निवडण्याची शक्ती रियाझानेच येते.

स्वाध्याय

१. सतार, बासरी व सिंथेसायझर यांत कंप कशाचा होतो?
२. एका वेळी एकच सूर निघणाऱ्या यंत्रावर तोमिता अनेक सुरांचा मेळ कसा साधत?
३. डोळे मिटून तंबोरा व इलेक्ट्रॉनिक तानपुरा ऐका. दोहोंतील तीन फरक लिहा.
४. इमोजेन होल्स्ट यांची हरकत योग्य होती काय? घरी आई-बाबांशी, आजी-आजोबांशी चर्चा करून दहा ओळी लिहा.